एका गावाला दोन राखणदार नकोत: घरच्या कॉम्प्युटरसाठी पूरक साधनं कशी निवडावीत

प्रश्न देवगडकडच्या एका बागायतदाराचा आहे, थोडक्यात असा: घरी विंडोज ११ चा डेस्कटॉप आहे. सीझनला आंब्याच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅप वेबवर येतात, बँकेचे व्यवहार त्यावरच होतात, हिशेब बायको एक्सेलमध्ये ठेवते. मुलगा बारावीला आहे, तो गेम उतरवतो. मशीन घेताना दुकानदाराने एक पेड अँटीव्हायरस टाकून दिला होता, त्याची मुदत मार्चमध्ये संपली. गणपतीत मुंबईहून आलेल्या भाच्याने वर आणखी एक मोफतचा टाकला. आता मशीन रखडतं आणि दोन्ही प्रोग्राम लाल खुणा दाखवतात. एकमेकांना पूरक अशी कोणती साधनं ठेवू? तीन-चार असली तर जास्त सुरक्षित का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. कुडाळ-कणकवली पट्ट्यात वीसेक वर्षं मी ही मशीनं उघडतोय. टेबलावर आलेल्या सगळ्यात रखडलेल्या मशीनमध्ये व्हायरस एखादाच सापडायचा, अँटीव्हायरस मात्र दोन-तीन असायचे.

असं का होतं, ते समजलं की निवड सोपी होते. पूर्ण वेळ चालणारा अँटीव्हायरस विंडोजच्या पोटात, फाइल उघडण्याच्या वाटेवर बसतो. तुम्ही एक्सेलची फाइल उघडली की ती आधी त्याच्या हातातून जाते. दोघे बसवले की पहिला तपासायला फाइल उघडतो, ते उघडणं दुसऱ्याला दिसतं, मग तोही तपासायला लागतो. एकाने संशयित फाइल कोठडीत टाकली की दुसरा त्या कोठडीकडेच संशयाने बघतो. एकाच्या व्हायरस-यादीतले तुकडे दुसऱ्याला खरे व्हायरस वाटल्याची उदाहरणं मी पाहिलेली आहेत. आपल्याकडे कोकणात गावाची राखण करणारा देव, राखणदार, एकच असतो आणि त्याला वर्षाची राखण, म्हणजे कोंबड्याचा मान, दिली की काम भागतं. एकाच वेशीवर दोघांना बसवून दोघांनाही कोंबडा दिला, तर ते रात्रभर एकमेकांनाच अडवत राहतील.

मायक्रोसॉफ्टलाही हे ठाऊक आहे. म्हणून दुसरा अँटीव्हायरस आला की विंडोजसोबतच येणारा मोफत अँटीव्हायरस, डिफेंडर, आपण होऊन बाजूला होतो. तुमच्याकडे गोची इथेच झाली आहे. मुदत संपलेला एक, वरून आलेला दुसरा आणि बाजूला झालेला तिसरा. यात जागा कोण आहे, ते अंदाजाने ठरवू नका. विंडोज सिक्युरिटी उघडा, सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ आहे, तिथे कोणता प्रोग्राम चालू आणि कोणता बंद हे स्पष्ट लिहिलेलं असतं. माझा सल्ला असा की आहेत ते दोन्ही काढून टाका. आधी सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून काढा, मग त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळणारं काढण्याचं साधन चालवा, कारण नुसत्या अनइन्स्टॉलने मुळं आत राहतात. मशीन रीस्टार्ट करा. डिफेंडर परत उभा राहिलेला दिसेल. त्याला एकदा अपडेट करा आणि फुल स्कॅन लावून जेवायला जा.

आता ‘पूरक’ या शब्दाकडे येऊ. तुम्ही बागायतदार आहात, त्यामुळे हे तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिडची एक बाटली आणली आणि जोडीला दुसऱ्या कंपनीची, वेगळ्या नावाची, पण आत तेच औषध असलेली बाटली आणली, तर तुम्ही दोन फवारण्या केल्या असं म्हणाल का? भुरीला गंधकासारखं बुरशीचं औषध लागतं, तिथे तुडतुड्यांचं औषध कितीही मारलं तरी उपयोग नाही. अँटीव्हायरसच्या बाजारात नेमकं हेच चालतं. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतलं. पुढे नॉर्टनवाल्यांनी आधी अविरा घेतलं आणि २०२२ मध्ये अवास्टही पदरात पाडून घेतलं. म्हणजे दुकानात चार वेगळे डबे दिसतात, पण घर एकच. शिवाय काही कंपन्या स्वतःचं तपासणीचं इंजिन न बनवता बिटडिफेंडरसारख्या दुसऱ्या कंपनीचं भाड्याने घेतात. डब्यावरचं नाव वेगळं, आतला घटक तोच. म्हणून दुसरं मत घ्यायचं असेल तर ते दुसऱ्याच घराण्याचं असावं, आणि त्याचं कामही वेगळं असावं.

रोजचा राखणदार म्हणून डिफेंडर पुरतो का, असा तुमचा पुढचा प्रश्न असणार. माझ्या मते पुरतो. पूर्वी मी असं म्हणालो नसतो. २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिक्युरिटी इसेन्शियल्स मोफत दिलं, २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटीव्हायरस आतच यायला लागला, तरी सुरुवातीची काही वर्षं तो कच्चा होता. आम्ही कारागीर त्याला हसायचो. आता जर्मनीतल्या माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या स्वतंत्र प्रयोगशाळांचे निकाल पाहिले तर तो पेड मंडळींच्या पंगतीला बसतो. एकच निकाल बघून ठरवू नका, लागोपाठचे तीन-चार बघा. एखाद्या महिन्यात कुणीही घसरतो.

पेड घेऊच नये असं नाही. बिघाड झाल्यावर फोन उचलणारं कुणी हवं असेल, तर पैसे दिलेले बरे. पुण्यातून उभं राहिलेलं क्विक हील आपल्या कोकणात तालुक्याच्या दुकानातही मिळतं. पण मग तोच एक राखणदार आणि मुदत संपायच्या आधी दरवर्षी त्याची राखण द्यायची. संपलेला अँटीव्हायरस घरात तसाच ठेवणं सगळ्यात वाईट. (डब्यामागे मलाही चार पैसे सुटतात. तरी मोफत डिफेंडरची शिफारस करतोय, यावरून काय ते समजा.)

डिफेंडरच्या काही कळा मुळातच बंद असतात किंवा कुणीतरी केलेल्या असतात. ‘टँपर प्रोटेक्शन’ आणि ‘क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन’ चालू आहेत ना ते बघा. ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’मध्ये नको असलेली अ‍ॅप अडवण्याची सोय आहे, ती चालू करा. मोफत कन्व्हर्टर उतरवला की त्याच्यासोबत येणारी टूलबार आणि ‘स्पीड बूस्टर’ची पिलावळ तिथेच अडते. आणखी एक आहे, ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’. अनोळखी प्रोग्रामला ती डॉक्युमेंट्स आणि फोटोंच्या फोल्डरमध्ये लिहू देत नाही, म्हणजे खंडणीवाल्या व्हायरसला हिशेबाच्या फाइली कुलूपबंद करणं अवघड जातं. पण ही चालू केलीत की मुलाचा गेम सेव्ह होत नाही म्हणून आरडाओरडा होईल. त्या गेमला परवानगी देता येते. दहा मिनिटांचा त्रास आहे, पण हिशेबाचं मशीन असेल तर मी तो घेतो.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही, पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय, ते.

तारकर्लीकडचे एक होमस्टेवाले एका वर्षात तीनदा मशीन घेऊन आले. दरवेळी ब्राउझर भलत्याच पानावर जायचा, पंखा घुमत राहायचा. दरवेळी डिफेंडरचा स्कॅन स्वच्छ. तिसऱ्या वेळी मी ‘एक्स्क्लूजन्स’ची यादी उघडली, म्हणजे ‘इथे तपासू नको’ अशा जागांची यादी. त्यात एकच ओळ होती: अख्खा सी ड्राइव्ह. ज्याने विनापरवान्याचं विंडोज घालून दिलं होतं, त्याने ते चालू करणारा चोरटा प्रोग्राम पकडला जाऊ नये म्हणून ही सोय करून ठेवली होती. बागेत राखण्या ठेवायचा आणि त्याला सांगायचं, कुंपणाबाहेर बघ, झाडांकडे बघू नको. मी ती ओळ काढली आणि पुन्हा स्कॅन लावला. चहा येईपर्यंत अकरा गोष्टी सापडल्या.

तेव्हापासून कुणाचंही मशीन आलं की मी आधी तिथे जातो. विंडोज सिक्युरिटी, मग ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, मग ‘मॅनेज सेटिंग्ज’, अगदी तळाला ‘एक्स्क्लूजन्स’. घरच्या मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. तुमच्याकडे काही दिसलं आणि तुम्ही ते घातलेलं आठवत नसेल, तर काढा. आणि विंडोज विनापरवान्याचं असेल तर कोणतंही पूरक साधन घेण्याआधी पैसे त्याच्या परवान्यावर घाला.

मुलाच्या गेमचंही असंच. फुकट उतरवलेल्या गेमसोबत एक सूचना येते: ‘इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करा.’ बारावीचं पोर ती इमानेइतबारे पाळतं. अशा गेममधून हल्ली फाइली खराब करणारा व्हायरस कमी आणि चोर जास्त येतो. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलतो, आणि तुम्ही लॉगिन करून ठेवलेल्या खात्यांच्या कुकीही नेतो, म्हणजे ‘हा माणूस आत आलेला आहे’ असं संकेतस्थळाला सांगणाऱ्या छोट्या नोंदी. कुकी हाती असली की ईमेल उघडायला त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. हे काम काही सेकंदांत होतं आणि नंतरच्या स्कॅनला बहुतेकदा काही सापडतही नाही, कारण चोर काम उरकून गेलेला असतो.

यावर उपाय म्हणून नवा प्रोग्राम नको. मुलाचं वेगळं खातं काढा, ते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नको, साधं ‘स्टँडर्ड’ असू दे. काही टाकायचं असेल तर पासवर्ड तुम्ही येऊन घालायचा, आणि घालण्यापूर्वी विचारायचं की हे कुठून उतरवलं. गेममधून चोर आला तरी त्याच्या खात्यापुरता राहण्याची शक्यता मोठी असते, बँकेचं तुमच्या खात्यात असतं. खरं तर तुमचं रोजचं खातंसुद्धा स्टँडर्डच ठेवा आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं वेगळं काढून त्याचा पासवर्ड तुमच्यापाशी ठेवा. माझ्या अनुभवात याच्याइतकं पूरक दुसरं काही नाही, आणि ते विकत मिळत नाही म्हणून दुकानदार सांगत नाही.

आता दुसऱ्या मतासाठीची साधनं. ही पूर्ण वेळ बसत नाहीत. बोलावलं की येतात, तपासून जातात, म्हणून डिफेंडरशी भांडत नाहीत. मालवेअरबाइट्सचं मोफत रूप यातलं सगळ्यात ओळखीचं. एक लक्षात ठेवा, टाकल्यावर १४ दिवस ते पेड रूपात चालून बघतं आणि त्या काळात पूर्ण वेळ पहारा देतं. तो चाचणीचा काळ नको असेल तर त्याच्या सेटिंग्जमधून बंद करा, म्हणजे ते फक्त बोलावल्यावर तपासेल. त्याच कंपनीचं अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर इन्स्टॉलही करावं लागत नाही, टूलबार आणि जाहिरातींची घाण काढायला तेवढं पुरतं. मायक्रोसॉफ्टचं सेफ्टी स्कॅनरही असंच चालतं, पण ते उतरवल्यापासून १० दिवसांत बाद होतं, म्हणून पेनड्राइव्हमध्ये साठवून ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय त्याचं घराणं डिफेंडरचंच, त्यामुळे दुसरं मत म्हणून मी त्याला धरत नाही. ईसेटचा ऑनलाइन स्कॅनर किंवा एमसिसॉफ्टचं इमर्जन्सी किट हे त्यापेक्षा वेगळे डोळे. भारत सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं, तिथेही साफसफाईची मोफत साधनं आहेत. यातलं एकच निवडा. महिन्यातून एकदा, किंवा शंका आली तेव्हा चालवा. सगळी उतरवून डेस्कटॉपवर चिन्हांची रांग लावू नका.

विंडोज चालू असताना लपून बसणाऱ्या गोष्टींसाठी डिफेंडरमध्येच ‘ऑफलाइन स्कॅन’ आहे. मशीन रीस्टार्ट होतं, विंडोज पूर्ण उठण्याआधी साधारण पंधरा मिनिटं तपासणी होते. आमच्याकडे वीज कधीही जाते, म्हणून हा स्कॅन यूपीएस लावलेला असतानाच करा.

एखादीच फाइल संशयास्पद असेल, म्हणजे अनोळखी ग्राहकाने ‘ऑर्डर लिस्ट’ म्हणून पाठवलेली, तर व्हायरसटोटल बघा. २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ पासून गूगलची आहे. साठ-सत्तर इंजिनं एका वेळी तुमची फाइल तपासतात. एवढी मतं एका ठिकाणी, आणि मशीनवर भार शून्य. मात्र तिथे चढवलेली फाइल त्यांच्या भागीदार कंपन्यांनाही मिळते, तेव्हा आधार कार्ड किंवा बँकेचं स्टेटमेंट तिथे टाकू नका. आणि फाइल एक्सप्लोररमध्ये फाइलींची शेवटची अक्षरं दिसतील असं करून ठेवा. ती लपलेली असली की ‘बिल डॉट पीडीएफ’ असं दिसणाऱ्या फाइलीच्या शेपटीला ‘डॉट ईएक्सई’ आहे, म्हणजे तो कागद नसून प्रोग्राम आहे, हे कळत नाही.

ब्राउझरचं थोडक्यात. माझ्याकडे ‘व्हायरस आलाय’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत अर्ध्याअधिक वेळा उजव्या कोपऱ्यात उगवणाऱ्या जाहिराती असतात. कधीतरी कुठल्यातरी पानावर ‘अलाव’ दाबलेलं असतं. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशनची परवानगी काढली की ‘व्हायरस’ गेला. पुन्हा येऊ नयेत म्हणून जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका. फायरफॉक्समध्ये ते पूर्ण रूपात चालतं, क्रोममध्ये आता त्याचं ‘लाइट’ रूप मिळतं. राउटरमध्ये डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदलून क्वाड९ या मोफत सेवेचा ९.९.९.९ हा पत्ता घातला तर ओळखीची घातक संकेतस्थळं घरातल्या फोनवरही उघडत नाहीत. फायबरवाल्या पोराला सांगितलं तर दोन मिनिटांत करून देईल. ‘तुमच्या कॉम्प्युटरला धोका, या नंबरवर फोन करा’ असं पान आलं, तर फोन करू नका, ब्राउझर बंद करा.

पेनड्राइव्ह. गणपतीत चाकरमानी येतात, भजनाची रेकॉर्डिंग आणि फोटो हातोहात फिरतात. मग एखादा पेनड्राइव्ह तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून फिरून येतो आणि त्यात सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात. आपल्या फाइली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. नुसता पेनड्राइव्ह लावल्याने हल्लीच्या विंडोजमध्ये सहसा काही चालू होत नाही. आपण त्या शॉर्टकटवर डबल-क्लिक करतो तेव्हा होतं. लावला की उघडण्याआधी उजवी क्लिक करून डिफेंडरने तपासा. झेरॉक्सवाल्याला फाइल ईमेलने पाठवली तर हा प्रश्नच येत नाही.

राहिली हिशेबाची नक्कल, आणि इथे कोकणाचा हिशेब वेगळा आहे. एक बाहेरची हार्ड डिस्क घ्या, आठवड्याला नक्कल करा आणि काम झालं की वायर काढा. लावून ठेवलेल्या डिस्कवर खंडणीवाला व्हायरस तसाच चढतो. दुसरी डिस्क दुसऱ्या गावात, बहिणीकडे, सासरी, कुठेही ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा कॉम्प्युटर आणि त्याची नक्कल एकाच कपाटात ठेवणाऱ्यांचं दोन्ही एकदम गेलं. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. असं मशीन बऱ्याच दिवसांनी चालू केलं की त्यातला अँटीव्हायरस तितकाच मागे राहिलेला असतो. आधी इंटरनेट जोडून डिफेंडर आणि विंडोज दोन्ही अपडेट होऊ द्या, ईमेल नंतर. वळवाच्या विजा चमकायला लागल्या की विजेची आणि नेटची, दोन्ही वायरी काढा. माझ्याकडे मेमध्ये येणारी मदरबोर्डं व्हायरसने नाही, नेटच्या वायरीतून आलेल्या विजेने मेलेली असतात.

ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांच्यासाठी एक ओळ: त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा, नाहीतर ११ वर या.

शेवटी, हे सगळं करूनही घात झाला तर. खात्यातून पैसे गेले असतील तर स्कॅन करत बसू नका. पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, दुसरा बँकेला. मशीनची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. पासवर्ड बदलायचे ते त्या मशीनवरून नाही, दुसऱ्या स्वच्छ फोनवरून, आणि पहिला ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांच्या चाव्या त्याच्याकडे असतात. बहुतेक मोठ्या खात्यांत ‘सगळीकडून लॉगआउट’ असा पर्याय असतो, तोही दाबा, म्हणजे चोरलेल्या कुकी निकामी होतात. आणि मशीन? अशा वेळी मी दहा साधनं चालवून ‘साफ झालं’ असं लिहून देत नाही. फॉरमॅट करून विंडोज नव्याने घालतो. हिशेबाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर असल्या तर दोन-अडीच तासांचं काम आहे.